पोर्तुगीज तेच, मग मोझांबिक गरीब का?

प्रश्न : काका, तुम्ही काजूबियांच्या खरेदीसाठी आफ्रिकेत मोझांबिकला जायचात, म्हणून तुम्हालाच विचारते. गोव्यावर आणि मोझांबिकवर राज्य पोर्तुगीजांचंच होतं. तरी गोवा दरडोई उत्पन्नात देशात पुढे आणि मोझांबिक जगातल्या सर्वांत गरीब देशांत, असं का? वर्गात एक मुलगा म्हणाला, तिथले लोकच आळशी. सर हसले आणि पुढच्या धड्याकडे वळले.
– बी.ए.ची विद्यार्थिनी, डिचोली

उत्तर : आळसाचं आधी मिटवू. नकाला बंदराच्या मागे नांपुला प्रांत आहे, तिथे काजूचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. बायका डोक्यावर बियांचं पोतं घेऊन पहाटे निघायच्या आणि ऊन चढल्यावर व्यापाऱ्याच्या दुकानापुढे येऊन बसायच्या. काटा त्याचा, भाव त्याचा. कधी पैसे मिळत, कधी साबण नि कापड. आपला पेडण्याचा शेतकरी भाव पटला नाही तर बी घरात ठेवतो, नाहीतर ‘बागायतदार’ या सहकारी संस्थेत नेऊन घालतो. त्या बाईने कुठे नेऊन घालायची? तुझ्या वर्गातल्या त्या मुलाला एकदा ते पोतं डोक्यावर घेऊन दोन कोस चालायला सांग.

आता पोर्तुगीज ‘तेच’ होते का? झेंडा तोच, कारभार वेगळा. 1752 पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चाले, हे खरं. पण पणजीत वैद्यकीय शाळा निघाली 1842 मध्ये आणि लिसेव म्हणजे सरकारी माध्यमिक शाळा 1854 मध्ये. शिवाय गावोगावी आपल्या लोकांनी पदरमोड करून मराठी शाळा चालवल्या, त्या वेगळ्याच. मोझांबिकमध्ये उच्च शिक्षणाची पहिली संस्था उघडायला 1962 उजाडलं. 1975 मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा दहातल्या नऊंहून जास्त लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं.

मधल्या काळात तिथे काय चाललं होतं? मानिका आणि सोफाला हा मधला मुलूख 1891 पासून 1942 पर्यंत एका खासगी कंपनीकडे दिलेला होता. कर तिचा, पोलीस तिचे, टपालाची तिकिटंसुद्धा तिची. गावातल्या पुरुषांना धरून मळ्यांवर, रस्त्यांवर राबवत. त्याला ‘शिबालू’ म्हणत. ही सक्ती कायद्याने उठली ती 1961 मध्ये. उत्तरेत कापूस लावायची सक्ती, दक्षिणेतले पुरुष जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींत. त्या खाणकामगारांच्या मजुरीचा एक हिस्सा पोर्तुगालला सोन्यात मिळे आणि मजुराला घरी परतल्यावर स्थानिक चलन. मी आयुष्यभर दलालांत वावरलो, पण इतका साफ धंदा दुसरा पाहिला नाही.

नकाशा उघड आणि तिथली रेल्वे बघ. मापुतोहून, बेइराहून, नकालाहून निघालेले रूळ सगळे पश्चिमेकडे जातात: शेजारच्या देशांतला माल बंदरात आणायला. सुमारे अडीच हजार किलोमीटरचा किनारा, पण उत्तरेतून दक्षिणेत नेणारी एक गाडी नाही. आपलीही कथा तीच होती. मुरगावहून कुळ्यावरून कॅसलरॉकला जाणारी लाइन ब्रिटिश हिंदुस्थानच्या मालासाठीच टाकली होती. उत्तर-दक्षिण जायला आपल्याला कोकण रेल्वे मिळाली 1998 मध्ये. ती टाकायला मागे एक मोठा देश उभा होता.

माझ्या मते सगळा फरक इथेच आहे. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त होऊन भारतात आला, त्यानंतर त्याला बँका, अधिकारी, मास्तर, विद्यापीठं, कोट्यवधी गिऱ्हाइकांचा बाजार, सगळं तयार मिळालं. (डेप्युटेशनवर आलेल्या अधिकाऱ्यांना माझे वडील मरेपर्यंत शिव्या घालत होते, ते सोडून दे.) पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी गावागावांत प्राथमिक शाळा काढल्या, तेव्हा शिकवायला माणसं होती. 25 जून 1975 ला मोझांबिक स्वतंत्र झाला तेव्हा बहुतेक पोर्तुगीज निघून गेले, आणि इंजिन चालवणाऱ्यापासून हिशेब लिहिणाऱ्या कारकुनापर्यंतची कामं तोवर त्यांच्याच हातात होती.

सावरायला दोन वर्षं मिळाली नाहीत, तोच युद्ध. शेजारच्या ऱ्होडेशियाच्या (आजचा झिंबाब्वे) गोऱ्या सरकारने रेनामो ही बंडखोर फौज उभी केली, पुढे दक्षिण आफ्रिकेने ती पोसली. स्वातंत्र्यासाठी लढून सत्तेवर आलेल्या फ्रेलिमो पक्षाच्या सरकारनेही लोकांना जुन्या वाड्यांवरून उठवून सामुदायिक गावांत बसवायचा हट्ट धरला आणि शेतकरी दुखावून ठेवला. 1992 मध्ये रोमला तह झाला, तोवर लढाई आणि दुष्काळ मिळून सुमारे दहा लाख माणसं गेली होती. आपल्या बार्देशात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा हे राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांचे सल्लागार. 1986 च्या विमान अपघातात दोघेही गेले. गोव्यात हे नाव किती जणांना ठाऊक आहे, कुणास ठाऊक. तह झाल्यावरही सुरुंग जमिनीत राहिले. देश सुरुंगमुक्त झाल्याचं जाहीर व्हायला 2015 साल यावं लागलं. रस्त्याकडेला कवटीची पाटी दिसली की आमचा ड्रायव्हर लघवीलासुद्धा गाडीमागे जाऊ द्यायचा नाही, डांबरावरच उभं राहा म्हणायचा. अशा जमिनीत काजूची नवी कलमं कोण लावणार?

काजूचंच सांगतो, कारण ते मी जवळून पाहिलं. 1970 च्या सुमारास मोझांबिक जगात सर्वांत जास्त काजूबी पिकवत होता, वर्षाला दोन लाख टनांच्या आसपास. बी फोडायचे कारखानेही तिथे होते. युद्धात पीक कोसळलं. मग 1995 च्या सुमारास जागतिक बँकेने कर्जासोबत अट घातली: कच्च्या बियांवरचा निर्यात कर उतरवा, शेतकऱ्याला चांगला भाव मिळेल. पुढे अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा काजू पिकवणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला वर्षाला जेमतेम पाच डॉलर जादा आल्याचं निघालं. बी मात्र बाहेर गेली, कारखाने एकामागून एक बंद पडले आणि हजारो कामगार, त्यांत पुष्कळ बायका, घरी बसल्या. ती बी घेणारे आम्ही भारतीयच. ती फुटायची कोल्लमला, मंगळूरला, थोडी आपल्याकडे. ऐंशी किलोच्या पोत्यातून किती गर निघेल एवढंच आम्ही पाहत होतो. आमचं काम तेवढंच होतं.

सगळा दोष परक्यांचा, असंही समजू नकोस. 2013-14 मध्ये तिथल्या सरकारी कंपन्यांनी ट्यूना मासेमारी आणि किनाऱ्याच्या राखणीच्या नावाखाली सुमारे दोन अब्ज डॉलरचं कर्ज काढलं आणि त्यातलं बरंचसं संसदेपासून लपवलं. 2016 मध्ये ते उघड झालं, देणगीदारांनी हात आखडता घेतला, चलन गडगडलं. माजी अर्थमंत्री मान्युएल शांग यांना 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोषी ठरवलं. उत्तरेत काबू देल्गादूच्या समुद्रात प्रचंड गॅस सापडला, आपल्या ओएनजीसी विदेशचाही त्यात वाटा आहे. पण 2017 पासून तिथे सशस्त्र बंड पेटलं आणि 2021 मध्ये गॅस प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीला काम थांबवावं लागलं.

आणि आफ्रिका म्हणजे एकच देश नव्हे, 54 आहेत. बोत्स्वाना 1966 मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा डांबरी रस्ता जेमतेम बारा किलोमीटर होता. वर्षभरात हिरे सापडले. सरकारने खाणकंपनीत निम्मा हिस्सा मिळवला आणि तो पैसा शाळा-रस्त्यांत घातला. युद्ध झालं नाही, हे त्यांचं नशीब. पण हिऱ्यांचा पैसा उधळला नाही, हे त्यांचं शहाणपण. सरांना हे विचार, बघ काय म्हणतात.

प्रश्न : पणजीत ‘गोवा काजू’ म्हणून विकतात तो आफ्रिकेचा असतो, हे खरं का? आणि ओळखायचा कसा?
– गृहिणी, म्हापसा

उत्तर : पुष्कळदा खरं. आपलं पीक फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत, तेही कारखान्यांना पुरत नाही. मग बाहेरची बी आणावी लागते. त्यात फसवणूक नाही, नाव बदलून विकण्यात आहे. म्हणूनच गोव्याच्या काजूला 2023 मध्ये जीआय, म्हणजे मूळ ठिकाण सांगणारं भौगोलिक मानांकन मिळालं. तिकडचे देशही आता शहाणे होताहेत: बेनिनने एप्रिल 2024 पासून कच्ची बी बाहेर पाठवायला बंदी घातली, गर काढूनच विका म्हणाले. आमच्या कारखानदारांना ते झोंबलं. मला बरं वाटलं.

चवीवरून ओळखतो म्हणणारे बाजारात खूप भेटतील. मसाल्यात घोळवलेल्या गराचं मूळ जिभेवरून मला तरी कधी कळलं नाही. सालीसकट भाजलेला घ्या, पाकिटावर जीआयची खूण पाहा आणि मुख्य म्हणजे पाव किलोचे भाव दोन-तीन दुकानांत विचारा. फारच स्वस्त सांगितला, तर तो गोव्याचा नाही.