आयर्न मेडनमधले इतके लोक बदलले, तरी त्याला तोच बँड कसं म्हणायचं?

म्हणायचं, अगदी छातीठोकपणे म्हणायचं. इंग्लंडच्या या हेवी मेटल (जड, वेगवान रॉक) बँडची गाणी ज्याच्या डोक्यातून निघतात तो माणूस १९७५ पासून जागचा हललेला नाही. स्टीव्ह हॅरिस. बेस गिटार वाजवतो.

तुम्ही लिहिलंय की गायक पॉल डिआनो गेला, ड्रमर क्लाइव्ह बर गेला, त्यानंतरचा गायक ब्रूस डिकिन्सन जाऊन परत आला, आणि आता ड्रमर निको मॅकब्रेनही दौऱ्यांतून बाहेर पडला, मग मूळचं उरलं काय? मी कोल्हापुरात बेस वाजवतो. गणपती-नवरात्रात ऑर्केस्ट्राबरोबर, एरवी मित्रांबरोबर मेटल. त्यामुळं माझं उत्तर बेसच्या बाजूनं झुकणार, हे धरूनच वाचा. पण मेडनच्या बाबतीत ती बाजू खरंच भक्कम आहे. बहुतेक बँडमध्ये बेस ड्रमच्या पाठीमागं चालतो. इथं हॅरिस पुढं असतो. पिक (तार छेडायची चकती) न घेता, बोटांनी, एक लांब आणि दोन आखूड अशा ठेक्यात तो पळत सुटतो आणि बाकीचे त्याच्यावर स्वार होतात. मध्येच लय मोडून गाणं दुसरीकडंच नेणं, दोन गिटारींनी एकच धून वेगवेगळ्या सुरांत वाजवणं, ही मेडनची ओळख पहिल्या अल्बमपासून आहे. हॅरिस आणि गिटारवाला डेव्ह मरे, हे दोघंच सगळ्याच्या सगळ्या १७ स्टुडिओ अल्बमवर सापडतात. त्यातला मरेसुद्धा १९७७ मध्ये काही काळ बाहेर होता!

आमच्याकडं फुटबॉलचा सीझन सुरू झाला की शाहू स्टेडियमवर तालमी-तालमींचे संघ उतरतात. गेल्या साली पाटाकडील तालमीकडून खेळलेला पोरगा यंदा दुसऱ्याच जर्सीत दिसतो, पण पेठ आपल्या संघाची बाजू सोडत नाही. बँडचं एका मर्यादेपर्यंत तसंच आहे. मर्यादेपर्यंत म्हणतो, कारण नव्या स्ट्रायकरला जुन्याचे गोल परत मारून दाखवावे लागत नाहीत. नव्या गायकाला मात्र जुन्याची गाणी रोज रात्री, त्याच लोकांपुढं गावी लागतात. बँडमधली माणसं बदलण्याचं खरं दुखणं तिथं आहे.

डिआनोच्या वेळी हे दुखणं जाणवलं नाही. १९८० आणि १९८१ च्या पहिल्या दोन अल्बमवर त्याचा आवाज आहे, खरखरीत, रस्त्यावरचा, पंकच्या जवळ जाणारा. मला तो फार आवडतो. पण नशापाण्यामुळं त्याला दौरे झेपेनात, आणि हॅरिसला ज्या उंचीची गाणी लिहायची होती ती त्या गळ्यात मावणारी नव्हती. सॅमसन या बँडमधून ब्रूस आला आणि मार्च १९८२ मध्ये ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ इंग्लंडच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. जुन्या कराराच्या भानगडीमुळं ब्रूसला त्या अल्बमवर गीतकार म्हणून नाव लावता आलं नव्हतं. म्हणजे ज्या अल्बमनं बँड जगभर नेला, त्यावर नवा गायक कागदोपत्री नुसता गायकच होता. गाणी बहुतेक हॅरिसची, दोन-तीन ठिकाणी दुसरा गिटारवाला ॲड्रियन स्मिथ याचा हात.

त्याच वर्षअखेरीला ड्रमर बदलला. या बदलाबद्दल लोक फार कमी बोलतात, आणि माझ्या मते मेडनच्या आवाजावर सगळ्यात खोल परिणाम याच बदलाचा झाला. क्लाइव्ह बर हलक्या हातानं, थोडा पुढं झुकून वाजवायचा, त्यामुळं गाणं सतत घाईत असल्यासारखं वाटायचं. निको आला तो फ्रान्सच्या ट्रस्ट या बँडमधून, आणि क्लाइव्ह पुढं त्याच ट्रस्टमध्ये गेला. म्हणजे जवळजवळ अदलाबदलच झाली. निकोचा हात जड, आणि उजवा पाय अफाट. मेटलमध्ये सगळे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमला दोन पेडल लावून बसत असताना हा गडी एका पायानं तो वेग काढायचा. १९८३ च्या ‘पीस ऑफ माइंड’ची सुरुवातीची काही सेकंद ऐका, नवा माणूस दार उघडतानाच कळतो. क्लाइव्हला पुढं मल्टिपल स्क्लेरोसिस झाला. तेव्हा याच बँडनं त्याच्यासाठी निधी उभा केला, मदतीचे कार्यक्रम केले. २०१३ मध्ये तो वारला. ज्याला बाहेर काढलं त्याच्यासाठी वीस वर्षांनी उभं राहणं, हेही तोच बँड असण्याचाच भाग आहे असं मी मानतो.

१९८३ ते १९९० पर्यंत पाचही जण तेच. त्या काळातले चार अल्बम सगळ्यांना माहीत आहेत, त्यावर वेगळं लिहीत नाही. १९९० मध्ये ॲड्रियन गेला. बँडला साधा, कमी घासलेला आवाज हवा होता, त्याला ते पटत नव्हतं. त्याच्या जागी यानिक गर्स आला, ज्यानं आधी ब्रूसच्या स्वतंत्र अल्बमवर काम केलं होतं. वादक म्हणून यानिक कुठंच कमी नाही, पण तोवर ॲड्रियन गाणी रचण्यातही मोठा भागीदार झाला होता. ती पोकळी पुढची काही वर्षं ऐकू येते. १९९३ मध्ये ब्रूसही गेला.

आता ब्रूसच्या जागी आलेल्या गायकाबद्दल, ब्लेझ बेलीबद्दल, कारण त्याच्यावर अन्याय होतो. १९९४ मध्ये तो आला, ‘द एक्स फॅक्टर’ (१९९५) आणि ‘व्हर्च्युअल इलेव्हन’ (१९९८) असे दोन अल्बम त्याचे. त्याचा आवाज मुळात खालच्या पट्टीचा, ब्रूससारखा तार सप्तकात फिरणारा नाही. तरी ब्रूसची गाणी त्याच्याकडून मूळ पट्टीतच गाऊन घेतली. ऑर्केस्ट्रात आम्ही साध्या कार्यक्रमालाही गायक बघून पट्टी उतरवतो. ब्लेझला ती सवलत मिळाली नाही आणि स्टेजवर तो कमी पडला असा शिक्का बसला. पण ‘द एक्स फॅक्टर’ शांतपणे ऐका. अंधारा, जड अल्बम आहे, आणि तिथं त्याचाच आवाज हवा. पुरावा हवा असेल तर ‘साइन ऑफ द क्रॉस’ आणि ‘द क्लॅन्समन’ घ्या. दोन्ही ब्लेझच्या काळातली, दोन्ही एकट्या हॅरिसनं लिहिलेली. ब्रूस परत आल्यावरही बँडनं ती टाकली नाहीत. २००१ च्या रिओच्या कार्यक्रमात आहेत, २०१८ च्या दौऱ्यातही होती. गायक बदलला, गाणं टिकलं. तुमच्या प्रश्नाचं याहून थेट उत्तर माझ्याकडं नाही.

१९९९ मध्ये ब्रूस आणि ॲड्रियन दोघंही परतले. अशा वेळी मधल्या माणसाला निरोप देणं सोपं असतं. मेडननं यानिकला ठेवलं आणि तीन गिटारींचा बँड केला. मला या बँडबद्दल सगळ्यात जास्त आदर या निर्णयामुळं वाटतो. २००० चा ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ त्यातूनच आला, आणि आजही गाणी गायला तोच ब्रूस, गिटारीला तेच तिघं आहेत. १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या (बीकेसी) मैदानावर त्यांचा जागतिक दौरा सुरू झाला, तेव्हा आम्ही काहीजण महालक्ष्मी एक्स्प्रेसनं गेलो होतो. बँडचं विमान स्वतः ब्रूस चालवायचा, त्याचं सगळ्यांना अप्रूप. मी मात्र पूर्ण वेळ हॅरिसची बोटं बघत होतो.

राहिला निको. जानेवारी २०२३ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली. तरी तो काही महिन्यांत स्टेजवर परतला आणि जवळजवळ दोन वर्षं वाजवत राहिला. पूर्वीसारखे वेगवान तुकडे त्याला जमत नव्हते, ते त्यानं सोपे करून घेतले. ७ डिसेंबर २०२४ ला साओ पाउलोमध्ये त्याचा शेवटचा कार्यक्रम झाला. त्याच्या जागी सायमन डॉसन आला. मे २०२५ मध्ये बुडापेस्टपासून सुरू झालेल्या दौऱ्यात तो बसला, आणि त्या दौऱ्याला निवडलेली गाणी फक्त पहिल्या नऊ अल्बममधली, म्हणजे क्लाइव्ह आणि निको या दोघांच्याही हातची. नव्या ड्रमरसाठी याहून अवघड परीक्षा नाही.

डॉसन हा काही अनोळखी माणूस नाही. हॅरिसचा ब्रिटिश लायन नावाचा दुसरा बँड आहे, त्यात तो आधीपासून त्याच्याबरोबर वाजवतोय. तो नुसती नक्कल करणारा आहे का, अशी शंका असेल तर जुनी गाणी बाजूला ठेवा आणि ब्रिटिश लायनचा २०२० चा ‘द बर्निंग’ ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावून, म्हणजे बेस आणि ड्रम एकमेकांना कसे धरून चाललेत ते नीट कळेल.