वाचकांचे प्रश्न : समुद्राजवळ घर घ्यावं की नाही?

प्रश्न : ताई, आम्ही दोघंही आता रिटायरमेंटला आलोय आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या वस्तीत घर घ्यायचं खूप वर्षांपासून मनात आहे. फिरून फिरून दोन घरं पसंत पडलीत. एक अगदी वाळूला लागून, बाल्कनीतून पूर्ण समुद्र. दुसरं सातआठ मिनिटं चालत आत, जरा चढावर, समुद्र दिसतो तो फक्त गच्चीवरून. मुलगा म्हणतो तुमचं काहीतरीच, सगळं गंजून जाईल. आमचं हे वेड चुकीचं आहे का, आणि नसेल तर कुठलं घर घ्यावं?

उत्तर : अजिबात चुकीचं नाही, आणि मी याला वेडही म्हणणार नाही. इंग्लंडमध्ये २००१च्या जनगणनेचे आकडे घेऊन अभ्यास झाला होता, तो २०१२मध्ये छापून आला. त्यात किनाऱ्याच्या जवळ राहणाऱ्या लोकांनी आपली तब्येत चांगली आहे असं सांगायचं प्रमाण जास्त निघालं आणि हा फरक गरीब वस्त्यांमध्ये जास्त ठळक होता. आता समुद्रामुळेच तब्येत सुधारते असं त्यावरून सिद्ध होत नाही, पण पाण्याजवळ माणसाला बरं वाटतं हे आपण सगळेच अनुभवतो ना.

हवेचं कारण तर शाळेतच शिकलोय. पाणी तापायला वाळूच्या साधारण पाचपट उष्णता लागते, म्हणजे दिवसा जमीन भराभर तापते, समुद्र मागे राहतो, जमिनीवरची गरम हवा वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची गार हवा आत येते, हेच आपले खारे वारे, आणि रात्री उलटं होऊन मतलई वारे सुटतात. भर दुपारी आतल्या गावात जीव नकोसा होतो तेव्हा किनाऱ्यावर ऊन असूनही बसवतं ते यामुळे. आणि दुसरी गोष्ट जी फक्त तिथे राहणाऱ्यालाच मिळते ती म्हणजे भरती-ओहोटी. रोज ती साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आज सकाळी फिरायला गेलात तेव्हा ओली, घट्ट, लांबच लांब वाळू मिळाली तर आठवड्याने त्याच वेळेला पाणी पार वरपर्यंत आलेलं असतं. चार दिवस पर्यटक म्हणून गेलेल्या माणसाला हे कळतच नाही. तिथे राहायला लागलात की आपोआप अमावस्या-पौर्णिमा लक्षात राहायला लागते, कारण उधाण तेव्हाच असतं, आणि हे असं निसर्गाच्या वेळापत्रकात गुंतून जाणं उतारवयात फार मोलाचं आहे असं मला मनापासून वाटतं.

पण आता नीट बघा, यातलं काय मिळवायला वाळूवरच घर लागतं? वारा काही पहिल्या रांगेत थांबत नाही, तो कित्येक किलोमीटर आत जातो. फिरणं, ओहोटीची वाळू, संध्याकाळ, हे सगळं सातआठ मिनिटांवरच्या घरातूनही तसंच मिळतं. पहिल्या रांगेत जास्तीचं मिळतं ते दृश्य, आणि त्या दृश्यासोबत खारही मिळतो, म्हणून माझं मत सरळ दुसऱ्या घराला.

खाराचं समजून घ्या कारण मुलगा म्हणतोय त्यात तथ्य आहे. लाटा फुटतात तेव्हा बारीक तुषार उडतात, वाऱ्याबरोबर येऊन ग्रिलवर, काचेवर, भिंतीवर बसतात आणि पाणी उडून गेलं की मीठ उरतं. हे मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच हवेतलं पाणी ओढून ओलं होतं, म्हणजे पाऊस नसतानाही रात्रभर लोखंड ओलंच! तुषारातले जड थेंब किनाऱ्याजवळच खाली बसतात, त्यामुळे आत जावं तसा खार कमी होत जातो आणि पहिले काहीशे मीटर खरे महत्त्वाचे.

ग्रिल बदलता येतं, सळया बदलता येत नाहीत. काँक्रीटमधल्या अल्कलीमुळे सळईवर एक संरक्षक थर असतो, मिठातलं क्लोराइड मुरत मुरत तिथपर्यंत पोचलं की तो थर तुटतो आणि गंज सुरू होतो, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो म्हणून आतून काँक्रीट फुटायला लागतं. घर बघायला जाल तेव्हा हॉलच्या टाइल्स नंतर बघा, आधी बाल्कनीच्या स्लॅबच्या खालची बाजू आणि पार्किंगमधले कॉलम बघा. सळईच्या रेषेतच गेलेली सरळ चीर, तिच्याभोवती तपकिरी डाग, आणि लाकडी दांडक्याने हलकं ठोकल्यावर एके ठिकाणी टण् आणि शेजारी भद्द असा पोकळ आवाज, हे दिसलं-ऐकलं की समजा कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, सुटलंय. नुकताच रंग दिलेला असेल तर जास्त बारकाईने ठोकून बघा, आणि बिल्डिंग जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मागितल्याशिवाय टोकन देऊ नका.

दुसरं म्हणजे किनारा जागेवर राहतो असं आपण धरून चालतो, तो राहत नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगभरातल्या समुद्राची सरासरी पातळी साधारण २० सेंटिमीटरने वाढली आणि वाढायचा वेग आता पूर्वीपेक्षा जास्त आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये रोडांथी नावाचं गाव आहे, तिथे २०२० पासून वाळूवरची घरं एकामागून एक समुद्रात कोसळलीत. समोर दगडी बंधारा बांधलाय म्हणून निश्चिंत होऊ नका, लाट भिंतीवर आपटून परत जाताना पायथ्याची वाळू घेऊन जाते, घर वाचतं पण ज्या वाळूसाठी घर घेतलं तीच कमी होत जाते.

आतलं घर घेतानाही एक गोष्ट तपासा, अंतरापेक्षा उंची महत्त्वाची. मोठ्या पावसात नेमकी भरती असली की नाल्यांचं पाणी समुद्रात जाऊच शकत नाही, ते मागे फुगतं आणि किनाऱ्यापासून लांब पण खोलगट असलेली गल्ली आधी भरते. तुमचं दुसरं घर चढावर आहे हे मला त्याचं सगळ्यात आवडलं. तरी शेजारच्या जुन्या लोकांना विचाराच की आजवरच्या सगळ्यात वाईट वादळात पाणी कुठवर आलं होतं. जमलं तर त्याच वस्तीत आधी पावसाळाभर भाड्याने राहा, सुट्टीच्या दिवसांतला किनारा आणि पावसाळ्यातला किनारा यात फार फरक असतो.

प्रश्न : किनाऱ्याजवळ प्लॉट घेतोय, बोअर मारली तर गोडं पाणी लागेल का? शेजाऱ्याच्या विहिरीला तर छान पाणी आहे.

उत्तर : लागेलही, पण टिकवणं तुमच्या एकट्याच्या हातात नसतं. किनाऱ्याखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं कारण ते हलकं असतं. ढोबळ हिशोब असा की समुद्रपातळीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल तर खाली सुमारे ४० मीटर असतं, म्हणजेच उपसा करून वरची पातळी १ मीटर उतरवलीत तर खालून खारं पाणी हळूहळू ४० मीटर वर चढू शकतं. म्हणून खोल बोअरपेक्षा उथळ विहीर बरी आणि तीही थोडी थोडी उपसलेली. आजूबाजूला सगळ्यांनीच मोठे पंप लावले असतील तर आज गोडं असलेलं पाणी पुढे मचूळ होऊ शकतं. पाण्याची टेस्ट उन्हाळ्याच्या शेवटी करा, पावसाळ्यानंतरचा रिपोर्ट दिशाभूल करतो. आणि पागोळ्यांचं पाणी जमिनीत मुरवायची सोय घर बांधतानाच करून घ्या.

प्रश्न : समुद्राजवळच्या फ्लॅटसाठी फिटिंग घेतोय, स्टीलचं घेतलं की गंजणार नाही ना?

उत्तर : कुठलं स्टील ते विचारा. नेहमीच्या ३०४ ग्रेडवर खाऱ्या हवेत तपकिरी ठिपके येतात, ३१६मध्ये मॉलिब्डेनम नावाचा धातू मिसळलेला असतो त्यामुळे ते जास्त टिकतं. बिजागऱ्या भारी घेऊन स्क्रू साधे लावले तर उपयोग नाही, स्क्रूपण त्याच ग्रेडचे मागा. एसीचं बाहेरचं युनिट कोटिंगवालं घ्या, समुद्राकडच्या भिंतीवर न लावता आडोशाच्या बाजूला लावा, आणि अधूनमधून मेन स्विच बंद करून साध्या पाण्याने धुऊन काढा, पण जोरात फवारा मारू नका, पत्र्याच्या त्या बारीक पट्ट्या लगेच वाकतात.