घराचं ऑफिस झालं, त्या वर्षांचं काय?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझ्या घराच्या इतिहासाचा मसुदा वाचला. पणजोबांनी घर बांधलं ते आजोबांनी तिथं ऑफिस थाटलं, इथपर्यंत पानंच्या पानं, आणि ऑफिसच्या काळाला जेमतेम दोन ओळी! मला हे उलटं हवं होतं. घरातल्या आठवणी आत्या-काका सांगतीलच, वर तिखटमीठ लावून. पण स्वयंपाकघरात फायलींची कपाटं कधी आली, हे ठाऊक असलेला जुना कारकून आधी गाठ.

त्याच्याकडे जाण्यापूर्वी घर नीट बघून घे. तू ठोकून दिलंयस, ‘दिवाणखान्याचं दार मूळचंच.’ बिजागरीचे स्क्रू पाहिलेस? डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेल्या स्क्रूचं पेटंट हेन्री फिलिप्स यांना १९३६ मध्ये मिळालं, आणि तुझं घर त्याहून जुनं. तसे स्क्रू दिसले म्हणून दार नवं ठरत नाही, पण बिजागरीला मागाहून कुणाचा तरी हात लागलाय, एवढं नक्की. कशासाठी, ते शोध. खिडक्यांचंही तसंच. तिरकं पाहिल्यावर बाहेरचं झाड लहरत असेल, तर काच बहुधा जुनी. वितळलेल्या कथिलावर तरंगवून सपाट काच बनवायची ‘फ्लोट’ पद्धत पिल्किंग्टन या काच कंपनीनं १९५९ मध्ये जाहीर केली, तेव्हा अगदी सपाट काच दिसली की बदल केव्हाचा असेल याचा अंदाज येतो.

सगळ्यात बोलकी मात्र भिंत. चुन्याच्या गिलाव्यात मधेच दाराएवढा सिमेंटचा तुकडा दिसला, तर तिथं दार बुजवलंय असं समज. साहेबांची केबिन वेगळी करायला, की भावाभावांच्या वाटणीत? फरक मोठा आहे.

म्हणून कागद काढ: खरेदीखत, वाटणीपत्र, गहाणखत, भाडेकरार. विजेची जोडणी घरगुतीची व्यावसायिक कधी झाली, तेही बघ. ऑफिस सुरू झाल्याचं साल घरच्यांपेक्षा हा कागद बरं सांगतो (अर्थात उशिरा अर्ज करणारेही असतात). सालं जुळली नाहीत तर दोन्ही लिही. ‘धंदा वाढला म्हणून घर दिलं’ असं घरचे म्हणतात, आणि कागदात कर्जाला तारण म्हणून तेच घर निघालं, तर तेही गाळू नकोस. काका रुसतील थोडे दिवस.

रंगकाम लवकरच निघणार म्हणालास. त्याआधी त्या भिंतीचे फोटो काढ, शेजारी मोजपट्टी धरून. स्विचबोर्ड उतरवतील तेव्हा मागचे रंगाचे थरही टिपून ठेव, आणि मला पाठव.

तुझा,
सर