जालन्याच्या मोसंबीची प्रतवारी कॅमेऱ्याने रंगावरून करता येईल का?

रंगानुसार ढीग पाडता येतील, पण गोडी कळणार नाही. लिंबूवर्गीय फळाच्या सालीतलं हरितद्रव्य ओसरायला रात्रीचा गारवा लागतो; त्यामुळे आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलून पुढच्या थंडीआधी तोडणीला येणारी मोसंबी रसाला आली तरी साल हिरवट राहू शकते आणि कॅमेरा तिला बेधडक कच्ची ठरवेल. म्हणून प्रत्येक ढिगातली थोडी फळं पिळून रिफ्रॅक्टोमीटरवर (रसातली साखर मोजायचं उपकरण) ब्रिक्स, म्हणजे गोडीचा आकडा, बघाच. बाकी काम सोपं आहे: ओपनसीव्हीत (फोटो तपासायचं मोफत सॉफ्टवेअर) फोटो एचएसव्हीमध्ये, म्हणजे रंगछटा, गडदपणा आणि उजळपणा वेगळे मांडणाऱ्या रंगपद्धतीत, बदलून ह्यू (रंगछटा) मोजा, म्हणजे रंग उजेडापासून बऱ्यापैकी वेगळा निघतो. फळाखाली निळं, न चमकणारं कापड, वर पांढऱ्या एलईडीचा पसरलेला उजेड, तोही रोज तोच. शेतात उन्हात काढलेले फोटो नकोतच. फळ फिरवून दोन-तीन बाजूंनी फोटो घ्या. एका बाजूचा डाग दुसरीकडून दिसत नाही.