व्हॉल्व्ह बदलण्याआधी जाळी आणि दाब तपासावा

वॉशिंग मशीनमध्ये पाणी भरत नाही म्हणून मेकॅनिकने पाणी आत सोडणारा व्हॉल्व्ह बदलायला सांगितला असला, तरी तो खर्च करण्यापूर्वी जाळी आणि पाण्याचा दाब आपण स्वतः पाहून घ्यावा. सांगलीत पावसाळ्यात कृष्णेला गढूळ पाणी येते आणि टाकीच्या तळाशी बसलेला गाळ पाइपातून मशीनपर्यंत पोहोचतो. प्लग काढून नळ बंद करावा, मशीनमागचा इनलेट पाइप फिरवून सोडवावा. तिथेच तोंडाशी बोटाच्या पेराएवढी जाळी दिसेल. ती पकडीने अलगद ओढून, जुन्या टूथब्रशने घासून परत बसवावी. जाळीशिवाय मशीन चालवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण वाळूचा एखादा कण व्हॉल्व्हच्या रबरात अडकला, की मशीन बंद असतानाही आत पाणी झिरपत राहते.

पाइप सुटलेला असतानाच त्याचे टोक बादलीत धरून नळ सोडावा. धार बारीक असेल, तर दोष मशीनचा नाही. टाकीतील पाणी १० मीटर उंचीवर असेल तेव्हा सुमारे १ बार दाब मिळतो. गच्चीखालच्या मजल्यावर तो जेमतेम ०.३ बार भरतो आणि पुष्कळ मशीनची किमान गरजच तेवढी असते. अशा घरी टाकी उंच करावी किंवा प्रेशर पंप बसवावा.

धार जोरात असेल, तर दार पाहावे. फ्रंट लोड मशीन लॉक लागल्याशिवाय पाणी घेत नाही. तेही ठीक असूनही व्हॉल्व्हची गुणगुण ऐकू येत नसेल, तर मेकॅनिकला बोलवावे. विजेच्या जोडण्यांना नवख्याने हात घालू नये.