सही मुंगीएवढी झाली, डॉक्टरसाहेब

प्रश्न : वय ६३, आर्णी तालुका, पाच एकर कपाशी. बँकेतून सही जुळत नाही म्हणून स्लिप दोनदा वापस आली. शेवटचं अक्षर मुंगीएवढं होते. उजवा अंगठा बसल्या जागी हलते. यवतमाळच्या डॉक्टरांनी पार्किन्सन सांगून लेव्होडोपाची गोळी दिली. घंटाभरात हात मोकळा होते, पण वरण-भाकर खाऊन घेतली तर गोळी लागतच नाही. शेजारी म्हणते, खाजकुइलीचं चूर्ण घे, गोळी सोड. पोरगा म्हणते, वावरात येऊ नका. काय करू?

उत्तर : भाऊ, दोष गोळीचा नाही, वरणाचा आहे. डाळीतली प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून एकाच वाटेनं रक्तात शिरतात. गर्दीत गोळी मागं राहते. जेवणाआधी अर्धा तास घ्या. मळमळलं तर सोबत कोरड्या भाकरीचा तुकडा चालेल. तूर सोडू नका.

शेजारी अगदीच खोटं बोलत नाही. खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असतंच! पण एका चमच्यात किती आलं, कोण मोजणार? मात्रा वाढली की मळमळ, भास, अंग वेडंवाकडं हलणं. आणि गोळी एकाएकी सोडली तर अंग ताठून ताप चढू शकतो, जिवावर बेतू शकतं. तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्ही नको.

वावरात जा, रोज चाला. विहिरीचा काठ आणि फवारणी तेवढी टाळा. पॅराक्वॅटसारख्या तणनाशकांचा या आजाराशी संबंध अभ्यासांत दिसला आहे, म्हणून पंप पोराच्या पाठीवर असला तरी हातमोजे, मास्क हवाच.

सहीचं म्हणाल तर दुरेघी वही आणा, मोठ्या अक्षरांत रोज एक पान लिहा. आणि बँकेत नवी सही नोंदवून टाका.