सॅम्युएल स्ट्रीटचा सॅम्युएल कोण?

प्रश्न : रोज मस्जिद स्टेशनला उतरून सॅम्युएल स्ट्रीटवरून पेढीवर जातो. हा सॅम्युएल कुणी गोरा साहेब होता का? आणि या नावाचा अर्थ काय? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : साहेब कसला, कोकणातला माणूस तो! सॅम्युएल एझिकेल दिवेकर. लोक म्हणायचे सामाजी हसाजी. आपल्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी हिब्रू नावं अशी मराठीत मुरवली. अब्राहमचाही आबाजी झाला. अलिबागला आमचं घर इस्रायल आळीच्या जवळ. तिथल्या एक आजी मलिद्यासाठी, म्हणजे त्यांच्या प्रसादासाठी, पोह्यांत गूळ-खोबरं कालवता कालवता ‘शमू, हात धुऊन ये’ असं नातवावर ओरडायच्या, ते अजून कानात आहे.

सामाजी कंपनी सरकारच्या पलटणीत अधिकारी होते. टिपू सुलतानाच्या कैदेत पडले, सुटले आणि १७९६ साली त्यांनी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, बांधलं. त्याचं नाव ‘शार हारहमीम’, म्हणजे दयेचं द्वार. बेने इस्रायली मंडळी सिनेगॉगला ‘मशीद’च म्हणतात. तुमच्या स्टेशनाचं नावही त्यावरूनच पडलं, असं सांगतात.

आता अर्थ. हिब्रू उच्चार ‘श्मुएल’. ‘शेम’ म्हणजे नाव, ‘एल’ म्हणजे देव. म्हणून ‘देवाचं नाव’. नावांच्या पुस्तकांत ‘देवानं ऐकलं’ असाही अर्थ सर्रास सापडतो, पण तो मला पटत नाही. ऐकण्याच्या हिब्रू धातूत शेवटी ‘आयिन’ हे अक्षर असतं. इश्माएल (‘देव ऐकतो’) या नावात ते आहे, श्मुएलमध्ये नाही.

खरी गंमत बायबलातच आहे. मूल होत नाही म्हणून हन्ना नावाची बाई शिलो गावच्या मंदिरात प्रार्थना करते. आवाज नाही, नुसते ओठ हलतात. याजक एलीला वाटतं, बाई प्यायलीय! पुढे मुलगा होतो. ‘देवाकडे मागून घेतला’ म्हणून त्याचं नाव ती शमुवेल (मराठी बायबलातला सॅम्युएल) ठेवते. पण मागणं म्हणजे हिब्रूत ‘शाअल’, आणि त्यावरून नाव होतं शाऊल! म्हणजे इस्राएलचा पहिला राजा, ज्याला पुढे याच शमुवेलनं अभिषेक केला. ही जन्मकथा मुळात शाऊलची असावी, असं काही अभ्यासक म्हणतात ते उगाच नाही. त्याच अध्यायाच्या शेवटच्या ओवीत तर हन्नाच्या तोंडी ‘शाऊल’ हा शब्द जसाच्या तसा येतो. मराठी भाषांतरात मात्र तो दिसत नाही.